देवाचा उजवा, आपला उजवा

अण्णांच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा तिथं कुणीतरी वारलंय असं मला वाटलं. समोरच्या भिंतीवर ओळीने सात खिळे होते. प्रत्येक खिळ्याला वीतभर लांबीची एकेक पितळी नळी टांगलेली आणि प्रत्येक नळीला झेंडूचा हार. हार ताजे होते. खाली पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर सुवाच्य अक्षरात नळीचा नंबर, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख. एका पुठ्ठ्यावर मृत्यूचं कारणही लिहिलं होतं, ‘टेबलावरून’. मी दारातच थबकले. तेवढ्यात आतून एक बुटका, टक्कल पडलेला, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेला माणूस आला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, ‘‘चपला भाईर काडा. आन् हात मोकळं ठेवा.’’

हे अण्णा. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वाऱ्याच्या बोगद्याचे लॅब इनचार्ज. मी तेव्हा, म्हणजे नव्वदचं दशक अर्धं सरत आलं असताना, तिथं तात्पुरती लेक्चरर होते आणि नोकरी सांभाळून एम.ई. करत होते. माझे गाईड कागदोपत्री आमचे विभागप्रमुख. शिकवलं मला अण्णांनी, ज्यांच्याकडे डिप्लोम्याच्या वर एकही कागद नव्हता.

बोगदा म्हणजे लांबलचक लाकडी पेटी, एका टोकाला मोठा पंखा. पंखा सुरू केला की पेटीतून सरळ, एकसारखा वारा वाहतो. भिंतीवरच्या नळ्या या वाऱ्यात धरायच्या. पुस्तकात त्यांना फाइव्ह होल प्रोब म्हणतात, अण्णा पाचभोकी म्हणत. नळीच्या टोकाला वाटाण्याएवढं गोल डोकं आणि डोक्याला पाच बारीक भोकं : एक मधोमध, बाकीची वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. वारा ज्या बाजूने येईल त्या बाजूच्या भोकात दाब जास्त. मागच्या टोकाला पाच रबरी नळ्या लावून ते दाब पाण्याच्या काचनळ्यांत वाचायचे आणि त्यावरून वारा कुठून, किती जोरात येतोय ते काढायचं. पण प्रत्येक पाचभोकीचा स्वभाव वेगळा. म्हणून ती आधी ओळखीच्या वाऱ्यात धरून, पाच-पाच अंशांनी उजवी-डावीकडे आणि वर-खाली वळवत, एकशे एकोणसत्तर जागी पाची दाब लिहून काढावे लागत. याला कॅलिब्रेशन म्हणतात. अण्णांनी जन्मभर दुसरं काही केलं नाही.

आणि त्यांचा एकच कायदा होता. पडला की मेला. प्रोब जमिनीवर पडला, मग त्याला ओरखडाही न दिसो, तो गेला. त्याचा कॅलिब्रेशनचा तक्ता फाडायचा, रजिस्टरात तारीख घालायची आणि त्याला भिंतीवर टांगायचं. ‘‘डोळ्याला दिसत न्हाय म्हंजे लागलं न्हाय आसं न्हवं. माणूस पडला तर निदान वरडतो. ह्यो न्हाय वरडत, गप खोटं बोलाय लागतो,’’ असं ते म्हणत. हार दर सोमवारी बदलायचे. आमच्या विभागातले लोक या भिंतीला अण्णांचं मसणवट म्हणत आणि अण्णांनाही ते ठाऊक होतं.

काचनळीतलं पाणी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आला पाहिजे, तिरका नको, म्हणून अण्णांनी तिथं एक गोणपाट अंथरलं होतं. त्यावर गुडघे टेकल्याशिवाय कुणी रीडिंग घ्यायचं नाही. एकदा प्राचार्य पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले की इथं अमुक इतके मिलिमीटर दिसतायत बघा. अण्णा म्हणाले, ‘‘सर, तुमचं दोन मिलिमीटर जास्त हाय. वाकावं लागंल.’’ प्राचार्य सफारी सूटमध्ये होते. पाहुणे बघत होते. शेवटी ते गोणपाटावर गुडघे टेकून बसले आणि खरंच दोन मिलिमीटर कमी भरलं. मी भीतीने गार पडले होते. अण्णांनी मात्र तो आकडा शांतपणे वहीत लिहिला आणि पुढे कंसात ‘प्राचार्य’ असंही लिहिलं.

कॉलेजच्या मागे पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की व्होल्टेज उतरायचं आणि बोगद्याचा पंखा मंदावायचा. म्हणून अण्णा सकाळी सहाला यायचे आणि गिरणीवाल्याला सांगून ठेवायचे की अजून तासभर कळ काढ. लॅबच्या खिडकीखाली येऊन तो माणूस रोज विचारायचा, ‘‘अण्णा, दळू का?’’ आणि खिडकीतून हो आल्याशिवाय पट्टा चढवायचा नाही. गल्लीतल्या बायका डबे घेऊन खोळंबून असायच्या. वाऱ्यासाठी पीठ थांबतं हे मी फक्त तिथंच पाहिलं.

याच गिरणीने मला पकडून दिलं. पहिल्याच महिन्यात कॅलिब्रेशन करताना माझं एक रीडिंग चुकलं. परत मागे जाऊन नळी वळवायचा कंटाळा आला. मी आधीच्या आणि नंतरच्या आकड्याच्या मधला आकडा ठोकून दिला. संध्याकाळी अण्णांनी वहीवर बोट ठेवलं. ‘‘ह्यो तुमचा आकडा हाय. वाऱ्याचा न्हाय.’’ मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सांगितलं की त्या वेळी गिरणी चुकून दोन मिनिटं चालू झाली होती, पुढचे-मागचे सगळे आकडे थोडे खाली बसलेत, हा एकटाच ताठ उभा आहे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कबूल केलं. आता रोज वही तपासली जाणार अशी मनाची तयारी करून बसले होते, तर अण्णा म्हणाले, ‘‘आता तुमाला कळलंय. आता मी न्हाय तपासणार.’’ आणि खरोखरच त्या दिवसानंतर त्यांनी माझी वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ‘तंगी’ अशी हाक मारली. मला वाटलं हा माणूस माझ्या पगारावर बोलतोय. दोन दिवस मी तोंड फुगवून होते. मग कळलं की अण्णा गडहिंग्लजकडचे, लिंगायत, घरात कानडी बोलणारे आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यानंतर मी तंगी झाले. रागावले किंवा बाहेरचं कुणी असलं की मॅडम, एरवी तंगी.

अण्णांचं घर कळंब्याला, तिथून ते लुनावरून यायचे. रविवारी पाऊस असला की लुना घेऊन थेट गगनबावडा. छत्री नाही, रेनकोट नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक जुनी पाचभोकी आणि पाण्याच्या छोट्या काचनळ्या मात्र बरोबर. घाटाच्या कडेला उभं राहून ती कोकणाकडे तोंड करून धरायची. अण्णांच्या घरी गेले की वहिनी सांगायच्या की लोक यांना वेडा समजून लांबून जातात. सोमवारी अण्णा शिंकत शिंकत मला सांगायचे की तिथला वारा खालून वर येतो, खालच्या भोकातलं पाणी बघून माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

आता कौलाचं सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

उजवं भोक कुठलं, यावर आमच्याकडे नेहमी गोंधळ व्हायचा. नळीचं डोकं वाऱ्याकडे तोंड करून असतं. तुम्ही तिच्या मागे उभे राहिलात तर तिचा उजवा तोच तुमचा उजवा. समोर उभे राहिलात तर उलटं. अण्णा नव्या माणसाला विचारायचे, ‘‘गावात कौल लावत्यात ते बगितलंय?’’ मी शहरातली, फक्त ऐकून होते. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाची एकेक कळी चिकटवतात आणि देवाला प्रश्न विचारतात. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. ‘‘उजवी म्हंजे कुणाची उजवी?’’ मी म्हणाले, आपली. अण्णा हसले. ‘‘इचारणार तुमी, पण सांगणार द्येव. मग उजवी त्येचीच की. ही पाचभोकी म्हंजे द्येव. आपुन इचारायचं, तिनं सांगायचं.’’ देवाच्या उजव्या भोकाच्या रबरी नळीला ते लाल दोरा बांधायचे, डाव्याच्या नळीला पांढरा. जोडावर लाख तापवून सील करायचे. वर्षातून दोनदा स्वतः सील फोडून, सायकलच्या पंपाने हवा मारून भोकं साफ करायचे आणि परत लाख लावायचे. हे काम दुसऱ्या कुणाला नाही. आसपासचे पंखेवाले कारखाने आणि दुसरी कॉलेजं आपापले प्रोब अण्णांकडूनच कॅलिब्रेट करून नेत, तेही असेच साफ करून, सील करून जात.

माझा विषय होता पंख्याच्या मागून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याची भोवंड, म्हणजे त्याचं गोल गोल फिरणं. त्यासाठी अण्णांनी मला तीन नंबरची पाचभोकी दिली होती, त्यांची सगळ्यात लाडकी. जूनपर्यंत एम.ई. हातात पडलं नाही तर माझी नोकरी जाणार, हे विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं. फेब्रुवारीत अण्णा राधानगरीला नात्यातल्या लग्नाला दोन दिवस गेले. मी एकटी होते. दुपारी स्टँडवरून तीन नंबर काढताना हाताला घाम होता आणि ती निसटली. शहाबादी फरशीवर टण्ण असा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी भिंगातून पाहिलं, डोक्याला काही झालेलं दिसलं नाही. फक्त लाल आणि पांढऱ्या दोऱ्याच्या रबरी नळ्या निसटून आल्या होत्या. पडला की मेला हे मला ठाऊक होतं. मेला म्हणजे नवा प्रोब, आणि तो बनवायचे गावातले एक म्हातारे चाचा, मूळचे चांदीचे कारागीर. नजर लावून पाच नळ्या एकत्र झाळायला त्यांना दोन महिने लागत. मग परत कॅलिब्रेशन, परत सगळी रीडिंग. जून त्यात कधीच उलटून जाणार होता. मी प्रोब टेबलावर ठेवला, त्याचं डोकं माझ्याकडे करून समोर बसले, उजव्या भोकावर बोट ठेवलं, मागच्या पाच तोट्यांत फुंकर मारून त्यातली कुठली बंद आहे ते पाहिलं आणि तिला लाल दोऱ्याची नळी लावली. अण्णांच्या खणातली लाख मेणबत्तीवर तापवून सील केलं. सील अगदी अण्णांसारखं झालं होतं. मी देवासमोर बसून माझा उजवा धरला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अण्णा परतले, लग्नातले लाडू दिले आणि विचारलं की तीन नंबर कसा आहे. मी म्हणाले, बरा आहे. ते परत कधी विचारायला आले नाहीत. त्याच प्रोबने मी पुढची सगळी रीडिंग घेतली आणि आलेख कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून काढले. ते अण्णांनी पाहिलेच नव्हते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले होते. विभागप्रमुख खुशीत होते. पारदर्शिका दाखवायच्या प्रोजेक्टरपाशी मी हौसेने अण्णांनाच उभं केलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, परीक्षकांनी एकदोनदा मानही डोलावली. मग भोवंडीचा आलेख पडद्यावर आला, गोल फिरणारे बाण. अण्णा प्रोजेक्टरच्या उजेडात वाकून त्या पारदर्शिकेकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. पडद्यावर त्या बोटाची केळीच्या घडाएवढी सावली पडली. ‘‘सर, एक मिनिट. पंखा असा फिरतोय,’’ बोट एका बाजूने फिरलं, ‘‘आणि वारा असा,’’ बोट उलटं फिरलं. ‘‘आसं कसं हुईल?’’

पंख्यातून बाहेर पडणारा वारा पंख्याच्याच दिशेने भोवंडतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. परीक्षकांनी चष्मा काढला. विभागप्रमुखांचा चेहरा पडला. मला तेव्हाच कळलं, कुणाचा उजवा धरून मी ती नळी लावली होती. अण्णा वळले आणि त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘तंगी, तीन नंबर पडलाता काय?’’

बाहेरच्या माणसासमोर त्यांनी मला तंगी म्हटलं ते पहिल्यांदाच.

‘‘नाही अण्णा,’’ मी म्हणाले.

त्यांनी एकदाच मान हलवली. मग परीक्षकांना म्हणाले, ‘‘म्हंजे साफ करताना लाल नळी मी उलटी लावलीया. चूक माझी हाय सर, पोरीची न्हाय. बाण तेवढं उलटं करा, आकडं तेच ऱ्हातील.’’ परीक्षकांनी तेवढी दुरुस्ती सुचवून सही केली. बाहेर विभागप्रमुखांनी माझं अभिनंदन केलं. मी पास झाले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णा चालत आले. मला वाटलं लुना बिघडली असेल. तिसऱ्या दिवशीही चालत. एप्रिलचं ऊन, कळंब्यापासून तासाभराची वाट आणि पंचावन्न वर्षांचा माणूस. मी विचारलं तेव्हा ते अगदी सहज म्हणाले की ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने गाडी रस्त्यावर आणू नये, किल्ली मंडळींकडे दिली आहे. मला वाटलं ते गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. चहाचा कप उचलताना त्यांनी हात थोडा पुढे धरून मला विचारलं, ‘‘ह्यो उजवा, न्हवं?’’ मी हो म्हणाले. त्यांनी तो हात थोडा वेळ न्याहाळला आणि मग चहा प्यायले. नंतर काचनळ्यांत लाल पाणी भरताना त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील शेवटीशेवटी आईला ओळखत नव्हते, सुरुवात अशीच झाली होती, चपला उलट्या घालण्यापासून. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

ते एवढ्यावरच थांबले नाहीत. ज्या ज्या कारखान्याला आणि कॉलेजला त्यांनी साफ करून प्रोब दिले होते त्या सगळ्यांना पत्रं गेली, एकोणीस पत्रं. स्वतःच्या हाताने लिहिलेली, स्वतः पोस्टात टाकलेली. लॅबचे सगळे तक्ते त्यांनी भिंतीवरून उतरवले आणि एक नंबरपासून सगळं पुन्हा कॅलिब्रेट करायला घेतलं. एक नंबर बरोबर निघाला. मी अधाशासारखी म्हणाले, बघा अण्णा, तुमचं बरोबर आहे. ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी डोस्कं बरोबर हुतं, एवढंच कळलं. तीन नंबरच्या दिवशी न्हवतं.’’ मग त्यांनी दोन नंबर लावला. दोननंतर तीन येणार होता.

नवव्या दिवशी मी सांगितलं. चालत येणारे अण्णा बघवेनात म्हणून सांगितलं, की तीन नंबरची पाळी जवळ आली म्हणून, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दोन्ही असेल. सकाळची वेळ होती, गिरणीवाला खिडकीखाली थांबलेला, अण्णा गोणपाटावर गुडघे टेकून बसलेले. मी म्हणाले, ‘‘अण्णा, तीन नंबर पडला होता.’’

त्यांनी वर न बघता हात केला. ‘‘थांबा. रीडिंग हुंदे.’’ पाची आकडे त्यांनी सावकाश लिहिले, पंखा बंद केला आणि मग माझ्याकडे वळले. ‘‘आता सांगा.’’

मला ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा ते फार जड गेलं.

‘‘कवा?’’

‘‘तुम्ही राधानगरीला गेला होतात तेव्हा.’’

‘‘लाल नळी तुमी लावली?’’

‘‘हो.’’

‘‘कुणाचा उजवा धरून?’’

‘‘माझा.’’

ते गोणपाटावरच बसून राहिले. आता ओरडतील, हाकलून देतील, विभागप्रमुखांना बोलावतील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. अण्णांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. टकलावरून हात फिरवत ते म्हणाले, ‘‘म्हंजे मी बरा हाय.’’ आणि थोड्या वेळाने मला विचारलं, अगदी परवानगी मागावी तसं, ‘‘मग लुना चालवाय हरकत न्हाय?’’

मी रडायला लागले. खालून आवाज आला, ‘‘अण्णा, दळू का?’’ अण्णा खिडकीतून हो म्हणाले.

मी विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते हादरले आणि मग चिडले. झालेल्या गोष्टी उकरून काढायची काय गरज, सही झाली आहे, गप्प बसा, असं त्यांनी मला दार लावून सांगितलं. मी गप्प बसले नाही, परीक्षकांना स्वतः कळवलं. यात माझा मोठेपणा काही नाही, गप्प राहून अण्णांच्या समोरून जायचं मला धैर्य नव्हतं. तीन नंबर बोगद्यात लावून पाहिला तर त्याचं डोकं चांगलं चार अंशांनी कललं होतं. बाण नुसते उलटे करून भागणार नव्हतं, माझे सगळे आकडे खोटे होते. माझं काम परत आलं. जूनमध्ये नोकरी गेली. चाचांनी नवा प्रोब करून दिला, अण्णांनी तो कॅलिब्रेट केला आणि पुढचे नऊ महिने मी त्या लॅबमध्ये, आता तिथली कुणीच नसताना, रोज सहाला जात राहिले.

अण्णा त्यावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. फक्त दोन गोष्टी झाल्या. तीन नंबर भिंतीवर गेला, त्याच्या पुठ्ठ्यावर मात्र मृत्यूच्या दोन तारखा होत्या. एकीपुढे ‘पडला’ आणि दुसरीपुढे ‘कळले’. दर सोमवारी हार बदलायला ते मलाच सांगायचे. दुसरी गोष्ट म्हणजे मी पुन्हा मॅडम झाले. रागाने नव्हे, बोलणं पूर्वीसारखंच मायेचं होतं, लग्नाचे लाडूही यायचे. पण तंगी ही हाक त्या सकाळनंतर मला ऐकू आली नाही आणि मला ती मागायचा हक्कही नव्हता.

त्यांनी मला एकोणीस पत्ते दिले आणि म्हणाले की प्रत्येकाला तुमच्या हाताने लिहा. पहिल्या पत्रात तुम्ही काय लिहिलंय, असं मी विचारलं. ‘‘ते माझं मी बगतो. तुमी तुमचं लिवा.’’ मी लिहिलं. प्रोब माझ्या हातून पडला होता, मी ते लपवलं, अण्णांच्या कामात दोष नाही. खाली माझं तेव्हाचं, म्हणजे माहेरचं नाव, सही. एकोणीस वेळा लिहिल्यावर हात दुखला, पण मनाला काही हलकं वाटलं नाही.

पुढे मी दुसऱ्या कॉलेजात लागले, लग्न झालं, आडनाव बदललं. अण्णा निवृत्त झाले आणि दोन हजारनंतर काही वर्षांनी गेले. मी कळंब्याला गेले होते. दारात लुना उभी होती.

त्याच्या पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी एमआयडीसीतल्या एका पंख्याच्या कारखान्यात गेले. मालक साठीचे, पांढरी टोपी घातलेले, बोलायला मोकळे. पोरं शेडमध्ये हिंडत होती. मी ऑफिसात बसले असताना कपाटात काचेमागे एक पाचभोकी दिसली, लाल दोऱ्याची. मी उठून जवळ गेले. मालक म्हणाले की ती अण्णांच्या हातची आहे, असा माणूस आता व्हायचा नाही, आणि पुरावा म्हणून त्यांनी एक जुनी फाइल काढली. ‘‘हे बगा. आपल्याच विरोधात पत्र लिवणारा माणूस बगितलाय काय कुटं?’’

अक्षर अण्णांचं. सुवाच्य, पुठ्ठ्यांवरचं.

‘महोदय, मी साफ करून दिलेला आपला प्रोब पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. माझ्याकडून डाव्या-उजव्याची चूक होत आहे असे एका विद्यार्थिनीच्या कामावरून दिसून आले. प्रोब पडला होता काय, असे मी तिला चारचौघांत विचारले. तसे विचारायला नको होते. ती नाही म्हणाली. सदर मुलगी मला धाकट्या बहिणीसारखी असून ती खोटे बोलत नाही. तेव्हा चूक माझीच आहे. तसदीबद्दल क्षमा असावी.’

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. एकोणीस ठिकाणी हे पत्र गेलं होतं, आणि त्यामागोमाग, दोन आठवड्यांत, एकोणीस ठिकाणी माझं.

माझं पत्रही तिथंच होतं, त्याच टाचणीत, मागे. मालकांनी ते उलटून दाखवलं. सहीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘आन् हे त्या पोरीचं. ह्या बाई कोण ओ, मॅडम? तुमच्या वळखीच्या हायत काय?’’

चहा आला होता. बाहेर पोरांनी पंखा सुरू करायला लावला होता, त्याचा आवाज चढत होता.

‘‘मीच ती,’’ मी म्हणाले.

मालकांनी कप माझ्याकडे सरकवला आणि दोन्ही पत्रं परत टाचणीत घालून फाइलला लावली, होती तशीच, अण्णांचं वर आणि माझं खाली.